प्रभूच्या प्रार्थनेतलं 'ऋण' खरंच पैशाचं असतं का?

निळी_शाई
गेले आठ महिने माझी प्रभूची प्रार्थना एका ओळीवर अडते आहे. इथे ख्रिस्ती, बिगरख्रिस्ती सगळेच वाचतात म्हणून ओळ लिहिते: "जसे आम्हीही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड."

झालं असं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंना जूनमध्ये मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी चाळीस हजार दिले. मी तोंडीच देणार होते, पण नवऱ्याने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं. दिवाळीपर्यंत देते म्हणाल्या होत्या. दिवाळी गेली, नाताळ गेला. आधी त्या तिसऱ्या बाकावर बसायच्या, आता शेवटच्या बाकावर बसतात. शेवटचं गीत अर्ध्यावर आलं की उठून चपला शोधायला लागतात. मला टाळतात हे उघड आहे.

आणि मी दर रविवारी मोठ्याने म्हणते, "ऋण सोडले आहे". सोडतो आहोत नाही, सोडू नाही. सोडले आहे! स्टॅम्पपेपर तर घरात विम्याच्या फाइलमध्ये आहे.

लहानपणापासून मी ही ओळ पापांविषयी आहे असं धरून चालले. आता शब्दच समोर येऊन बसलाय. म्हणून प्रश्न: यातलं ऋण पैशाचं आहे का? उपदेश नको, अनुभव किंवा अभ्यास असेल तर लिहा.

खमंग
"मी आपला ऋणी आहे" असं भाषणात म्हणणारा माणूस पैसे परत करणार नाही हे समजून चालावं. बाकी चालू द्या, वाचतोय.

बावखल
वसईहून. आमच्या मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ही अडचण येत नाही, कारण आम्ही 'अपराधांची क्षमा' म्हणतो. तुम्हा प्रॉटेस्टंट मंडळींच्या तोंडी ऋण आहे. आमच्याकडे चाळीस हजार बुडवणाऱ्याला माफ करता येतं आणि पैसेही मागता येतात. :)

एडिनबरोची_थंडी
बावखल, हा घोळ इंग्रजीतही आहे. मी इथे स्कॉटलंडमध्ये नर्स आहे. इथल्या चर्चमध्ये 'डेट्स' म्हणतात, इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये 'ट्रेसपासेस'. लग्नाला किंवा अंत्यविधीला दोन्हीकडचे लोक एकत्र आले की इथपर्यंत एका सुरात येतात आणि या ओळीला गाडी रुळावरून घसरते. अर्धे आधी थांबतात, अर्धे मागून येतात, आणि 'परीक्षेत आणू नको'पाशी सगळे पुन्हा भेटतात.

पारनेरी
ताई, प्रश्न चांगला आहे. मी निवृत्त शिक्षक, सेमिनरीत जाऊन आलेलो पण पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, न झालेलो. जमेल तसं सांगतो.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात ही प्रार्थना आहे, त्याच्या ग्रीक मजकुरात जो शब्द आहे तो सरळसरळ देण्याचा, बाजारातला शब्द. दुसरा शुभवर्तमानकार लूक यानेही तीच प्रार्थना दिली आहे, तिथे 'पापांची क्षमा कर' आहे. पण गंमत म्हणजे लूकसुद्धा पुढच्या अर्ध्या ओळीत 'आमच्या प्रत्येक ऋण्याला' असंच म्हणतो. येशू बोलत होता अरामी. त्या भाषेत देणं आणि पाप या दोन्हींना एकच शब्द चाले, 'होबा'. म्हणजे ऐकणाऱ्या गालीलच्या शेतकऱ्याच्या कानात दोन्ही अर्थ एकदम शिरत असणार. आपण दोन हजार वर्षांनी बसून त्यातला कुठला खरा ते ठरवतो आहोत.

'सोडले आहे' बद्दल: मत्तयात क्रियापद झालेल्या कामाचंच आहे. आपल्या भाषांतरकारांनी ते प्रामाणिकपणे ठेवलं. तुमचा अडखळा भाषांतराचा दोष नाही.

वसुली_अधिकारी
नाव बघून घाबरू नका, पतसंस्थेत आहे आणि बाप्तिस्माही झालेला आहे.

पारनेरी सर, आदर ठेवून असहमत. मत्तय सहाव्या अध्यायात प्रार्थना संपते आणि पुढच्याच दोन वचनांत येशू स्वतः खुलासा करतो: तुम्ही लोकांना त्यांच्या अपराधांची क्षमा केली तर तुमचा पिताही करील. तिथे शब्द अपराधच आहे. म्हणजे ऋण हा दाखला झाला. दाखल्यातून कोणी कर्जवसुलीचं धोरण काढायला लागलं तर माझी संस्था मार्चअखेरच बंद होईल.

देहूरोड
मी ख्रिस्ती नाही, पण शब्दावर बोलावंसं वाटतं. आमच्याकडे ऋण सोडायचं नसतं, फेडायचं असतं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. माणूस जन्मतो तोच देणेकरी म्हणून. आई म्हणते, "मागच्या जन्मीचं देणं असेल म्हणून तुझी उस्तवार करतेय." ऋणानुबंध संपतो तो फिटल्यावर. कोणी तिसऱ्याने येऊन 'सोडलं' म्हणण्याची सोयच नाही. त्यामुळे मराठी कानाला ही ओळ फार धाडसाची वाटते. ज्याने कुणी इथे 'ऋण' हा शब्द बसवला त्याला हे माहीत होतं का, कुणास ठाऊक.

शून्य_श्रद्धा
माझा प्रश्न आगाऊ आहे. घरचं वातावरण ख्रिस्ती, मी नाही. लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकवलं की आमच्या पापाचं देणं येशूने वधस्तंभावर भरलं. मग देवाने ऋण सोडलं कुठे? दुसऱ्याकडून वसूल केलं फक्त. याला वसुली_अधिकारी जामीनदाराकडून वसुली म्हणतील.

वसुली_अधिकारी
हो, म्हणतो. रोज करतो.

निळी_शाई
शून्य_श्रद्धा, हा प्रश्न मलाही आता झोपू देणार नाही. धन्यवाद.

पारनेरी
बाळा, आगाऊ कशाला, जुना प्रश्न आहे. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीच्या अन्सेल्म या ख्रिस्ती धर्मपंडिताने याच हिशोबाने मांडणी केली: माणसाने देवाचा मान बुडवला, ते देणं माणसाने द्यायचं पण त्याची ऐपत नाही, देवाची आहे पण त्याने द्यायचं नाही, म्हणून देव-मनुष्य येशू. फार नीटनेटकी मांडणी आहे. पण नीटनेटकी जमाखर्चाची वही वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

मला त्यापेक्षा बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रातलं, दुसऱ्या अध्यायातलं वचन जवळचं वाटतं. तिथे प्रेषित पौल म्हणतो की आपल्याविरुद्धचा ऋणलेख खोडला आणि खिळून रद्द केला. मूळ शब्दाचा अर्थ कर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कागद. आपल्याकडच्या भाषेत खत. इथे कोणी कोणाला पैसे मोजून दिल्याचा उल्लेख नाही. कागदच गेला.

आणि हे वाचलं की मला सुपं आठवतं. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपं. बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर गेले. मागणी काय, तर खतं द्या. खतं मिळाली की जाळली. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तिथे फारसं काही झालं नाही. माणसांच्या अंगाला हात क्वचितच लागला. लोण आमच्या नगर जिल्ह्यातही आलं, पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांना नेमकं कळलं होतं की फास कशात आहे. सावकारात नाही, त्याच्या पेटीतल्या कागदात.

देहूरोड
सर, खतं म्हटलं की देहूच! तुकोबांचं घराणं सावकारीचंही होतं. दुष्काळ पाहिल्यावर त्यांनी घरातली खतं काढली, अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला वाटणीची दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे. लोकांना गाथा बुडवली ते आठवतं. गाथेच्या आधी खतं बुडाली होती हे विसरतात. गाथा वर आली म्हणतात. खतं काही वर आली नाहीत.

बावखल
वा देहूरोड. रेव्हरंड टिळक म्हणायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलाखालून वाहून जात होती ती खतं, हे आज कळलं.

खमंग
मला एक कळलं नाही, कान्होबाने आपल्या अर्ध्या खतांची वसुली केली का?

वसुली_अधिकारी
केली असणार. आणि कान्होबावर कोणी कीर्तन करत नाही, पण घरातल्या चुलीत लाकूड कोणी घातलं तेही विचारा एकदा. तुकोबांच्या बायकोला, जिजाबाईंना विचारा.

मी थोडा कडवटपणे लिहितोय, कारण हे दिवस तसे आहेत. गेल्या ऑक्टोबरात नागपूरला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन महामार्गावर बसले, सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय करू म्हणून सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे हप्ता मागायला गेलं की ऐकायला मिळतं, "जूनपर्यंत थांबा की साहेब." आमची पतसंस्था त्या माफीत बसेल की नाही याच्याशी त्यांना घेणं नाही. २००८ ला झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. जो दर वर्षी बायकोची बोरमाळ मोडून वेळेवर भरतो तो प्रत्येक वेळी मूर्ख ठरतो. २०१९ च्या योजनेत नियमित भरणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवलं, ते हातात पडायला २०२२ उजाडलं. त्याच्यासाठी बायबलमध्ये कुठली ओळ आहे?

एडिनबरोची_थंडी
आहे की. लूक पंधरावा अध्याय, उधळ्या मुलाचा थोरला भाऊ. शेतातून दमून येतो, घरात गाणं-नाचणं ऐकू येतं, विचारतो काय चाललंय. सगळं उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बापाने मेजवानी घातलेली. मग बापाला म्हणतो, "मी इतकी वर्षं राबतो, मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीस." तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलंच नाही. तुमच्यासारख्यांसाठी दार उघडं ठेवलंय असं मी समजते.

वसुली_अधिकारी
करडाला तीन वर्षं लागली, ते सोडून उदाहरण पटलं.

पारनेरी
वसुली_अधिकारी, तुमची अडचण मोशेलाही माहीत होती. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जमाफी सांगितली आहे आणि लगेच तंबी दिली आहे: सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरीब भावाकडे वाकड्या नजरेने पाहून त्याला द्यायचं टाळू नकोस. म्हणजे लोक टाळत होते! पुढे येशूच्या थोडं आधी हिल्लेल नावाच्या थोर गुरूने पाहिलं की माफीच्या भीतीने गरिबाला कोणी उसने देईनासं झालंय. त्याने वाट काढली: कर्ज न्यायसभेच्या नावावर करायचं, मग सातव्या वर्षी ते बुडत नाही. त्याला 'प्रोझबूल' म्हणत. हेतू गरिबाला कर्ज मिळावं हाच होता. म्हणजे दोन्ही बाजूंना देवभीरू माणसं होती.

मला वाटतं, येशूच्या श्रोत्यांना हा वाद चांगला ठाऊक होता. त्या पार्श्वभूमीवर 'ऋण सोडले आहे' म्हणणं हे निव्वळ दाखला म्हणून घेणं अवघड जातं.

बावखल
आमच्याकडे नुकतंच ज्युबिली वर्ष संपलं, ६ जानेवारीला. तुमच्या भाषेत योबेल. लेवीय पंचविसावा अध्याय, दर पन्नासावं वर्ष, शिंग फुंकायचं, गहाण पडलेली जमीन मूळ घराकडे, बंधक सुटून घरी. पोप फ्रान्सिसनी २०२४ च्या मे महिन्यात हे वर्ष जाहीर करणारं पत्र काढलं, त्यात श्रीमंत देशांना स्पष्ट म्हटलं की जे देश फेडूच शकत नाहीत त्यांची कर्जं सोडा. वर्ष संपेपर्यंत ते राहिले नाहीत, २१ एप्रिल २०२५ ला गेले. दार पोप लिओंनी बंद केलं.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, ज्युबिली म्हणजे काय झालं? बॅनर लागले, तीर्थयात्रेच्या बस निघाल्या, एका रविवारी वडे होते. कर्जाविषयी चकार शब्द नाही. मीही विचारलं नाही, कारण माझ्याच मेव्हण्याकडून माझे साठ हजार येणं आहेत.

एक मात्र सांगतो. वसईत १९१८ साली मोन्सिनियर मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिक सहकारी बँक उभी राहिली. आजोबा म्हणायचे, फादरांनी प्रवचनात सावकाराला शिव्या देण्यापेक्षा पासबुक दिलं ते बरं केलं. ऋण सोडायचं एक आणि ऋण परवडेल असं करायचं एक. दुसरंही काम पवित्रच मानायला हवं.

शून्य_श्रद्धा
मला आवडलेलं एक वचन सांगतो, श्रद्धा नसली तरी: जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नये, कारण तो माणसाचा जीवच गहाण घेणं झालं. अनुवाद चोविसावा अध्याय. वरची तळी म्हणजे नेमकं काय ते आजीच्या घरी जातं पाहिलं तेव्हा समजलं. वरची तळी उचलून नेली तर खालची म्हणजे नुसता पाटा आहे. सावकाराला पूर्ण जातं न्यायची गरजच नाही. हे लिहिणाऱ्याने वसुली जवळून पाहिलेली आहे.

आमच्या शेजारच्या बाईंचं शिलाई मशीन मायक्रोफायनान्सवाल्या पोरांनी हप्त्यापोटी नेलं होतं. पाय तिथेच राहिले, फक्त वरचं डोकं नेलं.

निळी_शाई
हे वाचून पोटात कालवलं.

खमंग
गंभीर झालं सगळं. विषयांतर करू का? ताई, त्याच प्रार्थनेत आधी 'आमची रोजची भाकर' आहे. कुठली भाकर? ज्वारी, बाजरी की तांदूळ?

बावखल
तांदळाची. प्रश्नच नाही. सोबत मासळी. योहान सहावा अध्याय वाचा, पाच भाकरी आणि दोन मासळ्या. वसईचाच मेनू आहे.

पारनेरी
त्या जवाच्या होत्या. गरिबाचं धान्य. म्हणजे बाजरीच्या जवळच्या. नगरचा दावा मजबूत आहे.

भाकरीवरून एक सांगतो, मग थांबतो. माझ्या पणजोबांच्या पिढीने दुष्काळात मिशनच्या अन्नछत्रावर दिवस काढले आणि पुढे बाप्तिस्मा घेतला. आजीला गावात लोक टोमणा मारायचे, "भाकरीसाठी बाटलात." आजी निरक्षर, पण प्रार्थना पाठ. ती शांतपणे म्हणायची, "व्हय. पैल्या वळीतच मागितलीया, लपवून न्हाई मागितली." ती पहिली ओळ नाही, चौथी-पाचवी आहे. पण आजीच्या लेखी प्रार्थना तिथूनच सुरू व्हायची.

भाकरीची ओळ आणि ऋणाची ओळ लागून आहेत, मध्ये नुसतं 'आणि'. ज्याने भाकरीसाठी उसने घेतले त्याला ते 'आणि' समजावून सांगावं लागत नाही.

मॉडरेटर
भाकरी थापण्याच्या पद्धतीवर जे तीन प्रतिसाद आले होते ते पाककृती विभागात हलवले आहेत. कृपया तिथे लिहावे.

वसुली_अधिकारी
काल रात्री सवयीने हिशोब मांडला, तो टाकतो. मत्तय अठराव्या अध्यायात राजाने दहा हजार तालांताचं कर्ज सोडलेला चाकर आहे, जो बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. आमच्या भागात शेतमजुराची हजेरी चारशे धरा. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, २४०० कोटी रुपये. वर्षाला तीनशे दिवस काम मिळालं तर फेडायला दोन लाख वर्षं. आणि तो चाकर राजाला म्हणतो, "मला वागवून घ्या, सगळं फेडीन." असे ग्राहक मी पाहिलेत.

आता शंभर दीनार. शंभर गुणिले चारशे.

निळी_शाई
चाळीस हजार.

वसुली_अधिकारी
हो. मुद्दाम जुळवलं नाही, हजेरी खरंच चारशे आहे. मला दाखल्यात आजवर २४०० कोटी दिसत होते. चाळीस हजारही लहान रक्कम नाही, हे येशूला माहीत होतं असं दिसतं. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे पाऊसकाळचं घर. सोडणाऱ्याला टोचेल एवढीच रक्कम त्याने निवडली आहे.

माझं मत बदललेलं नाही. संस्थेचा पैसा ठेवीदारांचा असतो, तो मी सोडू शकत नाही. ताईंचा पैसा ताईंचा आहे. एवढा फरक मान्य.

एडिनबरोची_थंडी
निळी_शाई, एक विचारू? त्या बाईंना हवं आहे का सोडलेलं? मी इथे नवीन असताना एका मल्याळी मैत्रिणीने माझं भाडं दोन महिने भरलं. नंतर म्हणाली, राहू दे. मला इतका राग आला! परत देताना मी तिच्या बरोबरीची होत होते, ते तिने काढून घेतलं असं वाटलं. शेवटी पाच-पाच पौंड करून तिच्या डब्यात टाकले. सोडणाऱ्याला मोठेपणाची चव लागते, ती ज्याचं सोडलं त्याला कडू लागते. रोमकरांस पत्रात आहे ना, प्रीतीशिवाय कोणाच्या ऋणात राहू नका.

देहूरोड
हेच मी म्हणत होतो. फेडू द्यावं माणसाला.

निळी_शाई
नऊ दिवसांनी येतेय. झालं ते सांगते.

एडिनबरो, तुमचं वाचून मी गेल्या रविवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसले, त्यांच्या शेजारी. बाई दचकल्या. पूर्ण उपासना दोघी ताठ बसलो. प्रभूच्या प्रार्थनेला त्या ओळीवर मी गप्प राहिले, आणि कानावर आलं की त्याही गप्प आहेत. शेवटचं गीत संपेपर्यंत उठल्या नाहीत. बाहेर चपला घालताना म्हणाल्या, "मुलीला दवाखान्यात ट्रेनिंगला लागलंय, स्टायपेंड सुरू झाला की देते. तोवर हे ठेवा." पर्समधून तीन हजार काढले, पाचशेच्या सहा नोटा, रबर लावलेल्या. मी "राहू द्या" म्हणणार होते. तोंडातून निघालं, "बरं." घेतले. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. मग शेंगदाण्याच्या चटणीवर बोललो पाच मिनिटं.

आता सदतीस उरले. आणि मला अजूनही ती ओळ म्हणता येत नाही. फेडून घेतलं की सोडलं नाही, सोडलं तर त्यांचा मान जातो. नवरा म्हणतो, तू भलतीकडे विचार करतेस, स्टॅम्पपेपर आहे तिथे आहे.

बावखल
मुदत सोडा ना. पैसे नाही, मुदत. 'जमेल तेव्हा' हेही सोडणंच झालं. मेव्हण्याला मी आज तसा फोन केला. तो म्हणाला, कुठले साठ?

खमंग
😂😂 बावखल, तुमची ज्युबिली झाली.

शून्य_श्रद्धा
दोघी गप्प राहिल्या हे मला सगळ्या धाग्यात जास्त पटलं.

वसुली_अधिकारी
व्यावसायिक सल्ला, फुकट. ताई, आधी तीन हजारांची पोच त्यांना लिहून द्या, त्यांना हवी असणार. पुढेमागे उरलेलं सोडायचं ठरवलंच तर तोंडी सोडू नका, कागद फाडूही नका. फाटलेल्या कागदाचं उद्या काय होईल सांगता येत नाही, तुमच्यानंतर घरचे काय म्हणतील तेही नाही. त्याच स्टॅम्पपेपरच्या मागे स्वतःच्या हाताने लिहा, "बाकी येणे नाही", खाली सही आणि तारीख, आणि मूळ कागद त्यांच्या हातात द्या. ऋणलेख तसाच रद्द होतो.

निळी_शाई
आणि तारीख कुठली टाकू?

पारनेरी
१२ मे टाका. सुप्याची.

निळी_शाई
म्हणजे अजून वेळ आहे तर.